जुडग्याचं ओझं

आमच्या अँबॅसडरच्या किल्लीला अप्पांनी पत्तायमची, म्हणजे भाताच्या लाकडी कोठीची, वीतभर लोखंडी किल्ली अडकवली होती. शिवाय देवघराची, पंपाच्या खोलीची. तिरुवैयारूहून कुंभकोणमला जाताना कालव्यावरच्या पुलाचा उंचवटा आला की जुडगा खण्णकन आपटायचा आणि इंजिन गप्प व्हायचं.

मोटारीला किल्ली हे तसं उशिराचं प्रकरण. आधी समोर उभं राहून हँडल मारावं लागे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला, आणि आपण अजून ‘सेल्फ मारतो’ ते तेव्हापासूनचं. तरी किल्ली फक्त करंट सोडायची. किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय क्रायस्लरने दिली ती १९४९ मध्ये. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाड्याला घडलेल्या अँबॅसडरचा आमचा जुना नग मात्र त्याआधीच्या रीतीचा. त्यात सेल्फची कळ वेगळी होती.

एकदा ऐन कुरुवैच्या, म्हणजे भाताच्या एका हंगामाच्या, कापणीत गाडी खळ्याच्या वाटेवरच बसली. कुंभकोणमचा वायरिंगवाला मेस्त्री सायकलवर आला. (आपला मिस्त्री आणि तमिळांचा मेस्त्री, आपली चावी आणि त्यांची सावी, चारही शब्द पोर्तुगीजांचे. १६५८ साली डचांनी त्यांच्याकडून नागपट्टणम घेतलं, शब्द मात्र इथेच राहिले.)

त्याने आधी हॉर्न दाबला. वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. किल्ली फिरवली, तर लाल दिवा नाही, पेट्रोलचा काटाही मेलेला. मग पिशवीतून दोन तारा सोडलेला बल्ब काढला. एक तार गाडीच्या पत्र्याला, दुसरी स्विचमागच्या तपकिरी वायरीला: बल्ब लख्ख. पांढऱ्या वायरीला लावली आणि जुडगा बोटाने नुसता हलवला. बल्ब पेटला, विझला, पेटला. आत पितळी पट्टी झिजून सैल झाली होती. ‘अय्या, गाडीला काही झालेलं नाही,’ तो तमिळमध्ये म्हणाला, ‘तुमच्या भाताचं वजन तिला झेपत नाही.’

नवा स्विच मद्रासहून येईतो त्याने तपकिरी आणि पांढरी वायर घरातल्या दिव्याच्या बटणाने जोडून दिली. कावेरीच्या डेल्टातल्या निम्म्या गाड्या तेव्हा असल्या बटणांवर चालत असाव्यात. चोरालाही ते सापडत नसे, हा वरचा फायदा. पण बटण बंद करायची आठवण हवी! त्यागराज आराधनेच्या संगीत-उत्सवाला अप्पा गाडी लावून गाणं ऐकायला बसले ते रात्रीच परतले. कॉइल हाताला चटका देत होती, बॅटरी अर्धमेली. चार मृदंगवाल्यांनी धक्का मारला तेव्हा गाडी निघाली.

स्विच आल्यावर अप्पांनी जुडगा सोडला. पत्तायमची किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या जानव्याला लटकू लागली.