ल्वारकाठचे राजवाडे आणि फ्रेंच भाषेची वाट

आपल्या घरांतून आज फ्रेंच शिकणारे एखादे तरी नातवंड आढळते. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील अनेक शाळांत ही भाषा शिकवली जाते आणि काही शाळा मुलांना थेट फ्रान्सलाही नेतात. अशा सहलीचा आराखडा पालकांपुढे येतो तेव्हा आपण खर्च, जेवण आणि सुरक्षितता यांची चौकशी करतो. ती आवश्यकच आहे. परंतु सहल भाषेची असेल, तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : मुले जी भाषा शिकत आहेत ती त्या देशाची भाषा झाली कशी, हे त्यांना कुठे दिसणार आहे? या लेखात मी त्या प्रश्नाच्या अंगाने सहलीची एक वाट सुचवणार आहे.

पहिला मुक्काम पॅरिसच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या विलेर-कोत्रे या गावी असावा. फ्रेंचमध्ये 'शातो' म्हणतात त्याला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. कधी तो किल्ला असतो, कधी गढी, तर कधी नुसता वाडा. विलेर-कोत्रेचा शातो म्हणजे राजा पहिला फ्रान्स्वा याचा शिकारीच्या रानालगतचा राजवाडा. ऑगस्ट १५३९ मध्ये राजाने येथे १९२ कलमांच्या एका फर्मानावर सही केली. त्यातील ११० आणि १११ या कलमांचा आशय असा की, न्यायनिवाडे आणि सर्व कायदेशीर दस्त संदिग्धता राहणार नाही असे लिहावेत, आणि लॅटिनऐवजी 'मातृभाषा फ्रेंच'मध्ये लिहावेत. हेतू वरकरणी लोकहिताचा होता. आपल्याविरुद्ध काय निकाल लागला, हे पक्षकाराला कळावे. ही कलमे फ्रान्समध्ये आजही अमलात आहेत. राजवाड्याच्या नशिबी मात्र पुढे भिकाऱ्यांचे कोंडवाडे आणि वृद्धाश्रम आले. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये तेथे फ्रेंच भाषेला वाहिलेले एक केंद्र उघडले.

मुलांनी येथे एका शब्दापाशी थांबावे. 'मातृभाषा फ्रेंच', पण कोणाची मातृभाषा? दक्षिणेत लोक ऑक्सितान बोलत, पश्चिमेच्या टोकाला ब्रेतों, पिरेनीजच्या पायथ्याशी बास्क. फर्मानाचा रोख केवळ लॅटिनवर होता की या भाषांवरही, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाबद्दल ते नाहीत. दक्षिणेतील दफ्तरांतून ऑक्सितान हटली आणि वरच्या भाषेत लिहिणारे कारकून आले.

दुसरा मुक्काम ल्वार नदीचा. तूर किंवा ब्ल्वा येथे चार-पाच दिवस राहून आसपासची ठिकाणे पाहता येतात. रोज गाव बदलले की मुलांना सामान बांधण्याखेरीज काही आठवत नाही. ब्ल्वाच्या राजवाड्यात शार्ल दोर्लेआँ राहत असे. आझँकूरच्या लढाईत १४१५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला, २५ वर्षे कैदेत राहिला आणि परतल्यावर त्याने येथे कवींचा दरबार भरवला. आँब्वाजला १५१६ मध्ये लिओनार्दो दा विंची आला आणि १५१९ मध्ये तेथेच वारला. त्याच वर्षी शाँबोरचे काम सुरू झाले. एकमेकींभोवती वळत जाणारे तेथील दोन जिने असे रचले आहेत की चढणारा आणि उतरणारा समोरासमोर येत नाहीत. मुलांना हे फार आवडेल. एवढा प्रचंड वाडा बांधून राजा तेथे उण्यापुऱ्या काही आठवड्यांहून अधिक राहिला नाही, हेही त्यांना सांगावे.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत दरबार या खोऱ्यात वावरत होता. म्हणूनच तूर भागातील फ्रेंच सर्वांत शुद्ध, ही समजूत रूढ झाली आणि परदेशी विद्यार्थी आजही त्या भागात भाषा शिकायला जातात. वाचकहो, यातले मर्म आपल्याला वेगळे सांगायला नको. बेळगावची, इंदूरची, बडोद्याची मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्याने केलेले स्मित आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. शुद्धता दरबाराच्या मागोमाग चालते. मुलांना हे कळले, तर ती फ्रेंच मन लावून शिकतीलच, शिवाय आजीच्या बोलीला हसणार नाहीत.

तिसरा मुक्काम बहुतेक आराखड्यांत नसतो, पण माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. ल्वारच्या काठाने पश्चिमेला नाँत येथे जावे. ब्रिटनीच्या ड्यूकांचा शातो तेथे आहे. त्या घराण्याची वारस ॲन १४७७ मध्ये तेथेच जन्मली आणि एकामागून एक दोन फ्रेंच राजांची राणी झाली. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली. तेथून रेल्वेने आणखी पश्चिमेला कँपेर या जुन्या गावी जावे, जेथे रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि ब्रेतों अशा दोन भाषांत आहेत.

त्या दुसऱ्या भाषेची हकिगत अशी. क्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार याने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल मांडला. निदान ६० लाख लोकांना फ्रेंच मुळीच येत नाही आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत, असा त्याचा हिशेब होता. उपाय म्हणून त्याने इतर बोली नाहीशा करण्याची शिफारस केली. झ्यूल फेरी याच्या कायद्यांनी १८८१-८२ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. खेड्यातील मूल शाळेत आले, ही त्यांची थोर कामगिरी. पण ब्रिटनीतील कित्येक शाळांत ब्रेतों बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवत. दुसरा कोणी तसाच बोलताना सापडला, की ती त्याच्या गळ्यात जाई. मुलेच एकमेकांवर पाळत ठेवू लागली.

तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेतों बोलणारे दहा लाखांहून अधिक होते. २०१८ च्या पाहणीत ते सुमारे दोन लाख उरले आणि त्यांतील बहुसंख्य साठीपलीकडचे होते. खरी घसरण दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. त्या वेळी आईबापांनीच, आपण सोसलेली मानहानी मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून, त्यांच्याशी फ्रेंच बोलायला सुरुवात केली. फर्मानाला आणि शाळेला चार शतकांत जे पूर्ण जमले नाही, ते घरातल्या मायेने एका पिढीत घडवले. १९७७ पासून काही पालकांनी ब्रेतों माध्यमाच्या शाळा काढल्या. २००८ मध्ये राज्यघटनेने प्रादेशिक भाषांना देशाचा वारसा म्हटले. पण स्वयंपाकघरातून गेलेली भाषा वर्गात परत आणणे किती कठीण, हे त्या शाळा जाणतात.

सत्तेने भाषेशी निराळे वागल्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा राजघराण्याची मराठी गुजराती प्रजेवर लादली नाही. पुढे १९३१ मध्ये त्यांनी काढलेल्या शासनशब्दांच्या कोशात अनेक भाषांचे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत.

म्हणून आराखडा आपल्यापुढे आला, की शिक्षकांना एवढेच सुचवा : विलेर-कोत्रे, ल्वार आणि कँपेर हे तीन मुक्काम ठेवा, आणि प्रत्येक मुलाला एक वही द्या. पहिल्या ठिकाणी, निकाल आपल्या भाषेत कळण्याचे मोल काय, हे लिहावे. दुसऱ्या ठिकाणी, शुद्ध कोणी ठरवले, हे. आणि तिसऱ्या ठिकाणी दुकानदाराला फ्रेंचमध्येच विचारावे, की तुमची आजी कोणती भाषा बोलत असे. उत्तर समजण्याइतके फ्रेंच त्यांना तोवर आलेले असेल. घरी परतल्यावर ते उत्तर त्यांनी आपल्याला मराठीत सांगावे, एवढी अट मात्र आपण घालावी.