फेकलेल्या दाताचा इतिहास

दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचा, नाहीतर उंदराच्या बिळात टाकायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. नवा दात उंदराच्या दातासारखा बारीक आणि बळकट यावा, ही त्यामागची इच्छा. मोठ्या माणसाच्या किडक्या दाढेच्या वाट्याला तेवढाही मान आला नाही.

उपटलेल्या दातांची कदर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी केली. रुग्णाच्या तोंडात हात घालण्याआधी खऱ्या दातावर पोकळी कोरून, रूट कॅनाल करून हात बसवावा लागतो; त्यासाठी दात बरणीत जमवले जातात. अशा विद्यार्थ्यांसाठी नाशिकमध्ये पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय 1990च्या दशकात उभे राहिले. 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले आणि राज्यभरच्या दंत महाविद्यालयांच्या परीक्षा व पदव्या इथून होऊ लागल्या. त्याच वर्षी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. काढलेला दात पिवळ्या पिशवीत जाऊ लागला.

दोनच वर्षांनी अमेरिकेत ग्रॉन्थोस आणि शी यांच्या गटाने अक्कलदाढेच्या गरातून मूळपेशी वेगळ्या केल्या. 2003 मध्ये दुधाच्या दातातही त्या सापडल्या. एका दातातून मिळाल्या जेमतेम 12 ते 20. पण त्या झपाट्याने वाढत होत्या. उंदरात रोवल्यावर तिथे हाड तयार झाले, मात्र ते बहुतांशी उंदराच्याच पेशींनी बांधले होते. दातातल्या पेशींनी त्यांना कामाला लावले होते. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण दात साठवणाऱ्या बँकांच्या जाहिरातींत नेमका तोच गाळला जातो.

मूळपेशीने हाडाकडे वळायचे की नाही, हे मुख्यतः रनएक्स-2 या जनुकावर ठरते. त्यावर लगाम ठेवतात ते प्रथिन न बनवणारे आरएनए. अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांतला पहिला मायक्रोआरएनए सापडला, जेमतेम 22 अक्षरांचा तुकडा. अनेक वर्षे तो कृमीपुरताच मानला गेला. 2024 मध्ये त्याच शोधाला नोबेल मिळाले. मायक्रोआरएनए-218 सारखे तुकडे रनएक्स-2च्या संदेशाला चिकटून तो दाबतात. त्यांचे प्रमाण घटले की हाडाकडची वाट मोकळी होते. एच-19 हा लांब आरएनए उलट काम करतो: गरातल्या पेशींना तो दाताचे कठीण द्रव्य घडवण्याकडे ढकलतो. प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी दिसतो. सुमारे तीन आठवडे विशिष्ट द्रवात वाढवलेल्या पेशींवर ॲलिझरिन रेड ओतले, की जिथे कॅल्शियम साचले तिथे लाल ठिपके उमटतात. मायक्रोआरएनए-218 वाढवलेल्या बशीत ते विरळ असतात.

जबड्याचे झिजलेले हाड भरून काढण्यासाठी हे ज्ञान उपयोगी पडेल, ही आशा रास्त आहे. पण आरएनएच्या आधारे हाड वाढवण्याचे हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेतल्या रक्ताखेरीज इतर कशाच्याही मूळपेशींची व्यावसायिक बँक चालवायला मान्यता नाही. त्यात दाताचा गरही आला. मुलाचा दात साठवण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर पालकांनी ते देऊ नयेत.