सरोवरावरची रेघ

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा उल्लेख आपल्याकडे झालाच, तर तो ‘प्रेअरी’ या शब्दासोबत होतो. गवताळ सपाटी, गहू आणि थंडी. माझाही समज शाळेच्या भूगोलातून आलेला, तेवढाच. प्रांताचे जुने नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की इथला इतिहास गवताकडून नव्हे, पाण्याकडून वाचायला हवा.

मुळात ही सपाटीच पाण्याची देणगी. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाचे एक अवाढव्य सरोवर इथे साचले होते. ते ओसरल्यावर तळाचा जो गाळ उघडा पडला, तेच रेड नदीचे आजचे सुपीक खोरे. सरोवर नाहीसे होऊन हजारो वर्षे लोटल्यावर, १८७९ मध्ये, त्याला लुई अगासी या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले! विनिपेग सरोवर हा त्याचा उरलेला मोठा तुकडा. क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, सरासरी खोली जेमतेम १२ मीटर. क्री भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ ‘गढूळ पाणी’.

१८७० मध्ये प्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याची उत्तर सीमा साडेपन्नास अक्षांशावर सरळ आखली गेली. सरोवराचे दक्षिण टोक तेवढे आत आले, बाकी सारे बाहेर राहिले. त्या चिमुकल्या चौकोनाला ‘टपाल तिकिटाएवढा प्रांत’ असे गमतीने म्हणत.

रेघेपलीकडचा पश्चिम किनारा केंद्र सरकारने आइसलँडच्या निर्वासितांसाठी राखून ठेवला. ऑक्टोबर १८७५ मध्ये ते उतरले आणि त्यांनी गिमली गाव वसवले. पुढे १८७८ मध्ये स्वतःची घटनाही केली. त्यांच्या जिद्दीची ही कथा नेहमी सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते, कारण किनारा रिकामा नव्हता. सँडी बार इथे मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांना जवळच्याच नदीकाठी जमीन हवी होती, पण ती आता ‘राखीव’ झाली होती.

१८७६ च्या हिवाळ्यात देवीची साथ आली. नेटली ओढ्यापाशी पहारा बसला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वसाहतीची दक्षिणेकडची वाट बंद राहिली. सुमारे शंभर आइसलँडर दगावले. सँडी बारची वस्ती तर जवळजवळ पुसली गेली. तिथल्या जॉन रॅमझीची पत्नी बेट्सी हिलाही देवीनेच नेले. नवख्या वसाहतकऱ्यांना मांस पुरवणाऱ्या, त्यांना तगून राहायला शिकवणाऱ्या या शिकाऱ्याने तिच्यासाठी दूरवरून संगमरवरी शिळा आणून उभी केली. त्या वस्तीची इतकी ठळक खूण दुसरी क्वचितच असेल.

पुढे सीमा सरकत गेली. १८८१ मध्ये गिमली प्रांतात आले, १९१२ मध्ये अख्खे सरोवर. मग पाण्याची पातळीच माणसाच्या हाती गेली. सरोवराचे पाणी नेल्सन नदीतून हडसन उपसागराकडे जाते. तिच्यावर जेनपेगचा बंधारा झाला आणि १९७६ पासून विनिपेग सरोवर वीजनिर्मितीसाठी जलाशयासारखे वापरले जाऊ लागले. विजेची गरज हिवाळ्यात जास्त, म्हणून नदीचा मूळचा ऋतुक्रमच उलटला. बंधाऱ्याखालच्या क्रॉस लेक या क्री गावासमोरचे पाणी ऐन उन्हाळ्यात ओसरू लागले, आणि होड्या चिखलात अडकू लागल्या.