गाडीचा सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका, मग बॅटरी बदला



थंडी पडायला लागली की आपल्या सभासदांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी आज सकाळी सुरूच होत नाही! जानेवारीत भारतवारी करून परतणाऱ्यांची तर याहून बिकट अवस्था. वीस-बावीस तासांचा प्रवास, पेंगुळलेली मुलं, सोबत प्रथमच अमेरिकेत आलेले आई-बाबा, आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी मुकी होऊन बसलेली.

तिकडे अशा वेळी चार जण जमतात आणि गाडीला धक्का मारतात. इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे तो उपाय चालत नाही. मग घाईघाईत कुणीतरी म्हणतं "बॅटरी गेली", दुसरा म्हणतो "स्टार्टर गेला", आणि कधी कधी नसलेल्या बिघाडावर दोन-तीनशे डॉलर खर्च होतात. गाडी खरं तर आपलं दुखणं आवाजातून सांगत असते. ते कसं ओळखायचं, आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

थंडीतच बॅटरी का बसते?

गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना स्टार्टर काही सेकंदांसाठी शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. एकदा इंजिन सुरू झालं की पुढची वीज अल्टरनेटर तयार करतो आणि बॅटरीही भरतो.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. ३२ फॅरनहाइटला (शून्य सेल्सिअस) तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि शून्य फॅरनहाइटला (उणे १८ सेल्सिअस) निम्म्याहूनही कमी उरू शकते. त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जोर मात्र जास्त लागतो. गंमत म्हणजे बॅटरीचं खरं नुकसान उन्हाळ्यात होतं. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात. जुलैत झालेली ही झीज डिसेंबरात उघड होते, इतकंच.

आवाज ओळखा

किल्ली फिरवण्याआधी हेडलाइट लावा. मग सेल्फ मारा आणि दिव्यांकडे लक्ष ठेवून आवाज ऐका.

१) आवाज नाही, दिवेही नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल झालं आहे. बॉनेट उघडून दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलली तर तिथेच दोष असण्याची शक्यता मोठी.

२) "टक-टक-टक-टक" असा भराभर आवाज आणि मंदावणारे दिवे. बॅटरी कमजोर असल्याची ही ठळक खूण. जंपर केबलने गाडी बहुधा सुरू होईल.

३) एकच "टक्", पण दिवे प्रखर. बॅटरीत जीव आहे, पण स्टार्टर फिरत नाही. स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड किंवा त्याच्या तारेचं कनेक्शन तपासावं लागेल. इथे नवी बॅटरी घालून काही उपयोग होत नाही.

४) दिवे प्रखर, आवाज अजिबात नाही. गिअर "पार्क"मधून "न्यूट्रल"मध्ये टाकून पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्याने सुरू झाली तर दोष गिअरच्या सेफ्टी स्विचचा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबलेला आहे ना ते पाहा. रिमोटमधला सेल संपला असेल तर रिमोट बटणाला टेकवून पाहा. बऱ्याच गाड्या अशाने सुरू होतात. किल्लीच फिरत नसेल तर स्टिअरिंग लॉक झालेलं असेल. ते डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा.

५) सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठीक आहेत. पेट्रोल, स्पार्क किंवा चोरीविरोधी यंत्रणा यांत बिघाड शोधायला हवा. किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहा. सतत सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही बसेल.

६) जंप दिल्यावर सुरू होते, पण थोड्या वेळात बंद पडते, किंवा बॅटरीचा लाल दिवा जळत राहतो. अल्टरनेटर चार्ज करत नसावा. अशी गाडी हायवेवर नेऊ नका.

एक इशारा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी युक्ती काहींनी तिकडे पाहिली असेल. आजच्या गाड्यांत ती मुळीच करू नये. व्होल्टेज अचानक उसळून गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

मल्टिमीटर काय सांगतो?

साधा मल्टिमीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. गाडी काही तास बंद असताना डीसी व्होल्टवर ठेवून लाल तार प्लसला आणि काळी मायनसला लावा.

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: साधारण पाऊण भरलेली
- १२.२: अर्धी, चार्जरवर लावा
- १२.० किंवा कमी: जवळजवळ रिकामी
- सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली: बॅटरी एक तर उतरलेली किंवा म्हातारी
- इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७: जुन्या धाटणीच्या गाडीत अल्टरनेटर ठीक. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा वर-खाली करतो

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठली असेल तर आकडे चांगले असूनही सेल्फ लागत नाही. तारा काढून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, तारा घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. आत गंधकाम्ल आहे.

जंपर केबल लावण्याचा क्रम

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या.

१. लाल चिमटा बंद पडलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल तारेचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्या तारेचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर.

चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवून मग बंद गाडीला सेल्फ मारा. सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा. चौथी पायरी कंटाळा करून वगळू नका. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. ती बॅटरीजवळ पडली तर स्फोट होऊ शकतो.

उतरलेली बॅटरी २० फॅरनहाइटच्या आसपासही गोठू शकते. पूर्ण भरलेली इथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. बॅटरीचं अंग फुगलेलं, तडकलेलं दिसलं किंवा आत बर्फ वाटला तर जंप देऊच नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिला जंप कुठून द्यायचा, आणि तिच्यावरून दुसऱ्या गाडीला देता येतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा.

भारतात जाताना

आपल्या मंडळींच्या बॅटऱ्या बसतात त्या मुख्यतः इथे. गाडी बंद असली तरी अलार्म, कुलूप आणि कॉम्प्युटर थोडा करंट घेत राहतात. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतो. पाच आठवड्यांत झाले ४२. मध्यम गाडीच्या बॅटरीची एकूण क्षमता असते ५०-६० च्या घरात, आणि तीही थंडीत घटलेली. म्हणजे गाडी बिघडलेली नसूनही परतल्यावर सेल्फ लागणार नाही!

म्हणून निघण्यापूर्वी:

- घरी गॅरेज असेल तर बॅटरी मेंटेनर लावून जा. हा छोटा चार्जर बॅटरी भरली की आपोआप थांबतो.
- वीज नसेल तर मायनसची तार काढून ठेवा (बऱ्याच गाड्यांत १० मिलिमीटरचा पाना लागतो). काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. यामुळे घड्याळ, काही गाड्यांत रेडिओचा कोड आणि प्रदूषण तपासणीच्या नोंदी पुसल्या जातात. राज्याचं इन्स्पेक्शन जवळ आलं असेल तर आधी काही दिवस गाडी चालवून मगच जा.
- डॅशकॅम, फोनचा चार्जर, विमा कंपनीने दिलेलं प्लग-इन यंत्र काढा. डिकीचा दिवा विझतो ना तेही पाहा.
- विमानतळावर गाडी ठेवण्यापेक्षा मित्राच्या हवाली किल्ली करून जाणं उत्तम. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला सांगा. नुसती पाच मिनिटं चालू करून बंद केल्याने उलट बॅटरी उतरते.
- गाडी विमानतळावरच ठेवणार असाल तर पोर्टेबल जंप स्टार्टर पूर्ण चार्ज करून सामानाच्या खोलीत नव्हे, गाडीतच ठेवा. मात्र किल्लीने उघडणाऱ्या दारातून हात पोचेल अशा जागी. बॅटरी पूर्ण बसली की रिमोटने दार आणि डिकी उघडत नाही.

परतल्यावर जंप देऊन गाडी घरी आली, तरी बॅटरी भरली असं समजू नका. तिला रात्रभर चार्जरवर लावा.

नवी घ्यायचीच असेल तर

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हात त्याहून कमी. ऑटो पार्ट्सच्या बऱ्याच मोठ्या दुकानांत ती मोफत तपासून मिळते. आधी तो निकाल घ्या. बॅटरीवरच्या तारखेच्या खुणेत बहुधा ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी आणि आकडा वर्षाचा असतो. दुकानात सहा महिने पडून असलेली घेऊ नका. सीसीएचा आकडा पुस्तिकेत दिलेल्याहून कमी नको. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाडीत एजीएम प्रकारची बॅटरी असेल तर तीच घाला. जुनी बॅटरी परत दिली की कोअर चार्जची अनामत परत मिळते, ती मागून घ्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं

गाडी तापवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी नको. घराला जोडलेल्या गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि त्याला वास नसतो. बर्फात अडकलात तर इंजिन लावण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. आणि थंडीत गाडीत दोन घोंगड्या, टॉर्च, पाणी आणि जंपर केबल असू द्या. गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंत मुलं आणि आजी-आजोबा उबेत राहायला हवेत.

या पानाची प्रिंट काढून गाडीच्या पुस्तिकेत ठेवा. फोनची बॅटरीही त्याच वेळी उतरलेली असू शकते!