घरातलं सामाईक फडताळ

परवा नातवाने एक जुनी हार्ड डिस्क राऊटरच्या मागच्या यूएसबी खाचेत जोडली आणि म्हणाला, "आबा, आता तुमचे फोटो घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील." नवीन काहीही विकत आणलं नव्हतं! एवढं स्वस्त कसं झालं, म्हणून जरा खणत बसलो. मास्तरांची खोड, दुसरं काय...

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली. ५० मोठ्या तबकड्या आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवरच्या एक-दोन फोटोंत ती भरून जाईल.

पण डिस्क स्वस्त होऊन भागत नाही, ती सगळ्यांना वापरता यायला हवी. इथे ॲण्ड्र्यू ट्रिजेल येतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणारा हा मुलगा. युनिक्स कॉम्प्युटरची डिस्क आपल्या टेबलावरच्या पीसीला दिसावी, एवढीच त्याची गरज. ती बोली त्याला येत नव्हती. मग त्याने तारेतून जाणारे संदेश टिपले, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते पाहिलं आणि लहान मूल बोलायला शिकतं तसा तो शिकला. १९९२ च्या सुरुवातीला त्याने आपलं काम सर्वांना फुकट दिलं. पुढे एसएमबी या अक्षरांवरून शब्दकोशात शोधून त्याचं नाव ठेवलं, सांबा.

लिंक्सिसने २००४ मध्ये एनएसएलयू-२ ही तळहाताएवढी पेटी काढली. दोन यूएसबी खाचा, आत लिनक्स आणि सांबा. लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला प्रोग्राम खुला करावा लागला आणि हौशी लोकांनी त्या पेटीकडून नाना कामं करून घेतली. २००८ मध्ये ती बंद झाली. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला आणि हौशी मंडळी तिकडे वळली.

मात्र जुन्या पेटीचा मोह धरताना जपून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजमधल्या याच बोलीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये ती जुनी आवृत्ती आपोआप घालणं थांबवलं. फक्त तीच बोलणाऱ्या पेट्या म्हणूनच नव्या कॉम्प्युटरला दिसत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, अनुभवाची. २००९ साली आमची एक डिस्क खट्-खट् आवाज करत बंद पडली. तिच्यात धाकट्याच्या मुंजीचे फोटो होते. त्यात माझी आई शेवटची दिसत होती. "सगळं एका जागी नीट ठेवलंय," असं मीच सर्वांना अभिमानाने सांगितलं होतं!

सामाईक फडताळ म्हणजे तिजोरी नव्हे. नातवाला तेवढंच सांगितलं. आता दुसरी डिस्क भरून लेकीच्या घरी ठेवली आहे. दर दिवाळीला ती माहेरी येताना घेऊन येते, आम्ही नवे फोटो भरतो आणि परत देतो.

असो. तुमची दुसरी प्रत कुठे आहे?