कामाडो चूल : कोळशाची निवड

कामाडो ही जाड सिरॅमिक भिंतींची, अंड्याच्या आकाराची, झाकणाची चूल. जपानी मातीच्या चुलीवरून घडलेला हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी मायदेशी नेला. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू केली आणि पुढे हा प्रकार घरामागच्या अंगणात रुळला. कामाडोसाठी कोळसा घेताना अनेक जण पिशवीवर लाकडाचे नाव शोधतात : ओक, हिकरी, मेस्किट. चुलीची रचना पाहिली, तर आधी तपासायला हवी ती राख, तुकड्यांचा आकार आणि कोळशाचा पक्केपणा. लाकडाची जात त्यानंतर.

खालच्या झरोक्यातून आलेली हवा कोळशाखालच्या जाळीच्या भोकांतून कोळशात शिरते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. भिंती धग धरून ठेवतात, म्हणून ११० अंश सेल्सिअसच्या आसपास डुकराचा खांदा दहा-बारा तास शिजवताना दोन्ही झरोके जेमतेम किलकिले ठेवावे लागतात. इतक्या कमी हवेवर विस्तव चाललेला असताना जाळीची भोके राखेने बुजली, तर आच मध्येच मंदावते. आणि मांस, जाळी, उष्णता अडवणारी फरशी असे सगळे उचलल्याशिवाय नवा कोळसा घालता येत नाही. चांगल्या लाकडी कोळशात राख ३ टक्क्यांच्या आसपास असते. ईएन १८६०-२ हे युरोपीय मानक लाकडी कोळशात ८ टक्क्यांपर्यंत राख चालवून घेते, ब्रिकेटमध्ये १८ टक्क्यांपर्यंत. ब्रिकेट म्हणजे चुऱ्यात स्टार्चसारखे बंधक आणि काही वेळा चुनखडी मिसळून दाबलेल्या वड्या. त्या एकसारख्या असल्याने आच स्थिर राहते, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते आणि पातळ पत्र्याच्या, भरपूर हवा खाणाऱ्या ग्रिलमध्ये ते खरेही आहे. कामाडोत ते काम भिंती आणि झरोकेच करतात, तेव्हा ब्रिकेटच्या गुणाला इथे फारसा वाव नाही. राखेचा त्रास मात्र पुरेपूर होतो. बाहेरचे काही न मिसळलेल्या, नारळाच्या करवंटीच्या वड्या याला अपवाद.

जितके मोठे तुकडे तितका कोळसा चांगला, ही समजूत अर्धीच खरी आहे. चुरा आणि बारीक खडे जाळीची भोके बुजवतात, म्हणून पिशवीच्या तळाशी उरलेला माल चाळूनच वापरावा. पण नुसत्या मोठ्या ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात, विस्तव एका तुकड्यावरून दुसऱ्यावर पोचत नाही आणि मंद आचेवर तो विझू शकतो. तळाशी मोठे आणि त्यांच्या फटींत मध्यम तुकडे, ही रचना टिकते.

लाकडानुसार मांसाला चव येते, हा आक्षेप सर्वांत जुना. धुराला गंध देणारे ग्वायकोलसारखे पदार्थ लाकडातील लिग्निनच्या विघटनातून निर्माण होतात आणि कोळसा तयार होताना भट्टीतच बहुतांशी उडून जातात. कोळसा जितका पक्का, म्हणजे भट्टीत पुरता भाजलेला, तितका लाकडाच्या जातीचा गंध कमी. धुराची चव हवी असेल, तर निखाऱ्यांत हिकरीचे वा सफरचंदाचे सुके लाकूड ठेवावे. कच्च्या कोळशाचा दाट पांढरा धूर मांसाला कडवटपणा देतो. पक्का कोळसा आपटल्यावर खणखणतो. याच तर्काने १,००० अंशांपर्यंत तापवलेला जपानी बिंचोतान सर्वश्रेष्ठ ठरावा, पण तो पेटायला अवघड आणि महाग असतो. उघड्या शेगडीवर, निखाऱ्यांच्या अगदी जवळ याकितोरी (काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे) भाजण्यासाठी तो योग्य. झाकणाच्या चुलीत त्याचे मोल वसूल होत नाही. पेटवण्यासाठी द्रवइंधन कोणत्याही कोळशावर ओतू नये, कारण सच्छिद्र सिरॅमिक त्याचा वास शोषून घेते.

तरीही लाकडाचे नाव निरर्थक नाही. त्यावरून घनता कळते : दक्षिण अमेरिकेतील केब्राचोचा जड कोळसा उशिरा पेटतो, पण बराच वेळ जळतो. नावावरून माल कुठून आला याचाही माग लागतो आणि हा मुद्दा चवीपेक्षा मोठा आहे. केब्राचो ज्या ग्रान चाको प्रदेशात वाढतो, तिथले जंगल वेगाने तुटते आहे. उलट क्यूबातील माराबू हे शेतजमीन गिळणारे आगंतुक झुडूप आहे. महाराष्ट्रात तेच सिगमकाठी म्हणून आढळते. क्यूबात ते तोडून कोळसा केला, तर जमीन मोकळी होते. जानेवारी २०१७ मध्ये पाच दशकांहून अधिक काळानंतर क्यूबातून अमेरिकेला कायदेशीर निर्यात झाली, ती याच कोळशाची.