साडेत्रेसष्ट अंशांची मुंबई

दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती सुरू झाली की उंच मनोरा, झाडाची सावली आणि दीपगृहावरून दिसणारी बोट ही उदाहरणे ठरलेली असतात. मुलेही ती निमूटपणे सोडवतात. पण एका कोनावरून एखाद्या शहराच्या नगरपालिकेत वर्षानुवर्षे वाद चालला आणि त्या कोनाने हजारो माणसांच्या घरातला उजेड ठरवला, हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. शहर आहे मुंबई आणि कोन आहे साडेत्रेसष्ट अंशांचा.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागातल्या रोग्यांमध्ये गाठीच्या प्लेगची लक्षणे दिसली. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही साधी गोष्ट नव्हे. गिरण्या आणि बंदर यांवर उभे असलेले व्यापारी साम्राज्य यामुळे हादरले.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सँने शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. कोंदट हवा, ओल, अंधार आणि कुजकी जमीन यांतून रोग उपजतो, ही जुनी समजूत डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरांच्याही मनात पक्की होती. मांडवी, भुलेश्वर, चक्ला या भागांत हिंडून आलेल्या कोणालाही ती पटलीच असती. चार-पाच मजली चाळी एकमेकींना खेटून उभ्या. दोन चाळींमध्ये चार-पाच फुटांची फट, तिला मुंबईत घरगल्ली म्हणत. मैला वाहणाऱ्या कामगारांना मागच्या बाजूने संडासांच्या टोपल्या काढता याव्यात म्हणून ती ठेवलेली असे आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्याही तिच्यातच उघडत. १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे बेटावरची ८० टक्के माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती आणि खोलीत सरासरी चार ते पाच माणसे होती.

यावर उपाय म्हणून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. मुंबईकर त्याला बी. आय. टी. म्हणू लागले. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवी जमीन वस्तीसाठी तयार करायची आणि गरिबांसाठी चाळी बांधायच्या, ही त्याची कामे. सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार त्याला मिळाला.

आता प्रश्न असा, की शहरात निवडून आलेली महापालिका असताना वेगळा ट्रस्ट कशाला? याचे उत्तर महापालिकेच्या रचनेत आहे. १८८८ च्या कायद्याप्रमाणे तिचे ७२ सभासद होते. त्यांपैकी ३६ जण वॉर्डांतून निवडून येत. बाकीचे जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्याकडून येत. वॉर्डातला मतदार म्हणजे मुख्यतः ठरावीक रकमेहून अधिक कर भरणारा. साहजिकच घरमालकांचे वजन मोठे होते. खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला किंवा गोदीतल्या हमालाला मत नव्हते. घरमालकांची महापालिका घरमालकांच्याच इमारती पाडणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. म्हणून ट्रस्टच्या मंडळावर महापालिकेचे प्रतिनिधी अल्पमतात ठेवले गेले. म्हणजे लोकनियुक्त संस्थेला बाजूला सारून सुधारणा आली, आणि तरीही खोलीत राहणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे नव्हताच. हे दुहेरी वैगुण्य लक्षात ठेवले, की पुढचे सगळे उलगडते.

ट्रस्टने सुरुवात दणक्यात केली. नागपाड्यातली दाट वस्ती हाती घेतली. पश्चिमेच्या समुद्रावरचा वारा शहराच्या कोंदट पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. तोच आजचा शामळदास गांधी मार्ग. चौपाटीकडून पूर्वेला सँडहर्स्ट रोड काढला. तो आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. या रस्त्यांवरून आज चालताना आपण खरे तर वाऱ्यासाठी खोदलेल्या एका पाटातून चालत असतो.

गंमत अशी, की ज्या वर्षी ट्रस्टचा कायदा झाला त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे प्रयोगाने दाखवले. त्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने काटेकोर प्रयोग केले, तेव्हा शंका उरली नाही. मांडवीतच प्लेग आधी का दिसला, याचे उत्तरही मिळाले. धान्याच्या वखारी म्हणजे उंदरांचे माहेरघर. समुद्रावरच्या वाऱ्याने पिसवा मरत नाहीत आणि चाळ पाडली तर उंदीर शेजारच्या चाळीत जातात. म्हणजे प्लेगसाठी आखलेले रस्ते प्लेगच्या दृष्टीने नेम चुकलेले होते. पण म्हणून उजेड आणि हवा यांची मागणी चुकीची ठरते का? नाही. क्षयाचे जंतू सूर्यप्रकाशात लवकर मरतात, हे कॉखने १८९० मध्येच सांगितले होते, आणि क्षय हा मुंबईच्या चाळींचा कायमचा पाहुणा होता. चुकीच्या कारणासाठी केलेली मागणी दुसऱ्या कारणासाठी बरोबर निघाली. विज्ञानाच्या इतिहासात हे अनेकदा घडते, वर्गात सांगण्याजोगे आहे.

आता कोनाकडे येऊ. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम त्यांनी शोधलेला नव्हता. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरांच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी तो होता. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असू नये. हा विचित्र आकडा का? कोष्टकात पाहा : ६३.५ अंशांचे टॅन जवळजवळ बरोबर २ आहे. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून अधिक नको. ३६ फुटांच्या चाळीसमोर १८ फूट मोकळे हवेत. पाच फुटांच्या घरगल्लीत हेच गुणोत्तर ७.२ येते आणि कोन ८२ अंशांवर जातो. तळमजल्यावरच्या खिडकीतून वर पाहिले तर आकाशाची चिंधी तेवढी दिसणार.

हा नियमसुद्धा उदार नव्हता. मुंबईचे अक्षवृत्त १९ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी बारा वाजता सूर्य दक्षिणेला सुमारे ४७.५ अंश उंचीवर असतो. पूर्व-पश्चिम गल्लीत नियम तंतोतंत पाळला, तरी ऑक्टोबरच्या मध्यापासून जवळपास मार्चपर्यंत तिच्या तळाशी माध्यान्हीचे थेट ऊन पडत नाही. मिळतो तो आकाशाचा विखुरलेला उजेड. तेव्हा साडेत्रेसष्ट अंश ही चैन नसून किमान गरज होती.

तरीही विरोध झाला, आणि तो का झाला हे आकड्यांतच दिसते. चाळीस फूट उंच चाळीच्या मालकाला पाच फुटांऐवजी वीस फूट सोडायला लावले, तर पंधरा फूट रुंदीची पट्टी जाते. दहा-बारा फुटांच्या खोल्यांची एक आख्खी रांग, तीही प्रत्येक मजल्यावर. तेवढे भाडे दर महिन्याला बुडणार. महापालिकेच्या उपविधींत कडक नियम आणायचा म्हणजे तो तिथल्या घरमालक सभासदांकडूनच मंजूर करून घ्यायचा. जुन्या इमारतींचे मालक आणखीच निर्धास्त होते, कारण नियम नव्या बांधकामाला लागणार.

नुकसानभरपाईची कथा तर त्याहून उलटी. इमारत घेताना ट्रस्टला ती भाड्याच्या उत्पन्नावर मोजून पैसे द्यावे लागत. समजा, एका चाळीत वीस खोल्या तीन-तीन रुपयांनी दिल्या आहेत. उत्पन्न साठ रुपये. मालकाने फळ्या ठोकून त्यांच्या तीस खोल्या केल्या आणि अडीच रुपयांनी दिल्या, तर उत्पन्न पंचाहत्तर. उजेड कमी झाला आणि किंमत सव्वापट झाली! अंधाराला बक्षीस देणारी ही पद्धत ट्रस्टच्या तिजोरीला खाऊ लागली. रोगट घराची किंमत त्याच्या रोगटपणामुळे वाढू नये, असे ऑर यांचे म्हणणे होते.

एवढ्या महाग जमिनीवर गरिबांच्या खोल्या परवडेनात. ट्रस्टने मग दाट वस्ती पाडण्याऐवजी शहराबाहेर नवी वसाहत करण्यावर भर दिला. दादर-माटुंग्याची शेते आणि दलदल भरून रुंद रस्ते, बागा आणि तीनमजली मर्यादेच्या इमारती उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागांचा परिसर ही त्याची फळे. मुंबईतली आजही हवीहवीशी वाटणारी ही वस्ती आहे, यात शंका नाही. पण तिथे मांडवीचा हमाल राहायला गेला नाही. पगारदार मध्यमवर्ग गेला. १९१८ पर्यंत ट्रस्टच्या योजनांनी ६४,००० माणसांची घरे गेली आणि त्यांपैकी १४,००० जणांचेच पुनर्वसन झाले. उरलेले पन्नास हजार कुठे गेले असतील? कामापासून लांब जाणे परवडत नव्हते, तेव्हा बहुतेक शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत. सरासरी सुधारते आणि माणसे मात्र अधिक दाटीने राहतात, हा प्रकार ट्रस्टच्या अहवालांतल्या नकाशांवर दिसत नाही.

ट्रस्टच्या चाळी अगदीच निरुपयोगी होत्या असे मात्र म्हणू नये. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. एक खोली अभ्यासाची, एक संसाराची. त्या चाळींमध्ये निदान खिडकी उघडली की समोर भिंत येत नव्हती.

राजकारण बदलले ते १९२२ मध्ये. महिना दहा रुपये वा अधिक भाडे देणाऱ्यांना महापालिकेचे मत मिळाले. भाडेकरू पहिल्यांदा मतदार झाला. पण खोलीला चार-पाच रुपये भाडे देणारा कामगार अजून बाहेरच राहिला. १९३३ मध्ये ट्रस्टचे काम महापालिकेत विलीन झाले आणि त्याच्या चाळीही तिच्याकडे आल्या.

स्वातंत्र्यानंतर नगररचनेची भाषाच पालटली. १९६४ च्या विकास आराखड्याने चटई क्षेत्र निर्देशांक आणला. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करायचे, हे सांगणारा आकडा. १९९१ च्या नियमावलीत निवासी इमारतींसाठी तो बेटावर १.३३ होता. आकडा सोपा, सौद्याला सोयीचा. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, हे तो सांगत नाही. निर्देशांक तोच ठेवून खोल्या उजेडात किंवा अंधारात बांधता येतात. अंतराच्या अटी वेगळ्या असतात आणि जुन्या चाळींच्या वा झोपडपट्टीच्या पुनर्विकासात आधी शिथिल होतात त्या याच.

२०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांनी मिळून केलेला अभ्यास पुढे आला. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत क्षयाचे रोगी इतके का, हा प्रश्न होता. उजेड आणि खेळती हवा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर रोगाचे प्रमाण जास्त आढळले. इमारती तळमजला अधिक सात मजल्यांच्या, मधले अंतर सुमारे तीन मीटर. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर गुणोत्तर आठ येते आणि कोन ८३ अंश. पाच फुटांच्या घरगल्लीचा कोन ८२ होता.

हे मोजायला वर्गात फार सामग्री लागत नाही. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली ओळंबा सोडावा, सरळ कडेला कागदाची नळी चिकटवावी. मुलांनी आपल्या घराच्या सर्वांत खालच्या खिडकीशी उभे राहून समोरच्या इमारतीचा माथा नळीतून पाहावा, कोन लिहावा, शेजारी मजला लिहावा. गावात हा कोन वीस-पंचवीस अंश भरेल. शहरातल्या शाळेत चाळीस मुलांचे चाळीस कोन फळ्यावर उतरत्या क्रमाने मांडले आणि ६३.५ वर एक रेघ मारली, की रेघेच्या वर किती जण राहतात ते मोजता येते.